दशम्या कुणासाठी होत्या

गेल्या महिन्यात मी एका घरी भेटायला गेलो होतो. त्या घरातली म्हातारी वारली होती. ती माझ्या धाकट्या बहिणीची बालमैत्रीण, रहिमतपूरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. तिची नात मला चहा देताना म्हणाली, "आजोबा, आमची आजी फार धीट होती म्हणे. लग्नाआधी एका मुलाबरोबर पळून निघाली होती, स्टेशनवर सापडली. खरं का हो?" तिच्या बोलण्यात कौतुकच होतं. मी कप खाली ठेवला आणि काहीतरी पुटपुटून उठलो.

हे खरं नाही. ती कुणाबरोबर पळाली नव्हती. ही गोष्ट गावात उठली ती माझ्यामुळे, आणि ती खोटी आहे हे कळल्यावरही मी ती तशीच राहू दिली. माझी बहीण गेली, तो मुलगा कुठे आहे मला माहीत नाही, आता ती स्वतःही गेली. सांगणारा मी एकटाच उरलो आहे.

मी तेव्हा विशीत होतो. शाळा संपली होती, नोकरी लागत नव्हती. बेचाळीसनंतरचा काळ. आमच्या भागात भूमिगत माणसं फिरत होती, त्यांच्या मागावर पोलीस होते, आणि कोण कुणाला जाऊन काय सांगेल याचा भरवसा नव्हता. परका माणूस पाणी प्यायला थांबला तरी लोक दाराआडून बघत. संशय घेणं हे तेव्हा शहाणपणाचं लक्षण समजत. मला दुसरं काम नव्हतं, तेव्हा ते मी मन लावून करी.

आईचे हात संधिवातानं आखडले होते, म्हणून स्वयंपाकघर सोळा वर्षांच्या बहिणीकडे आलं होतं. दुपारी ही मैत्रीण तिच्या मदतीला येई. खरं तर शिकायला येई. तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं आणि पहिलीला, म्हणजे हिच्या आईला, सांगलीला भावाकडे धाडून दिलं होतं. सावत्र आई डबे कुलपात ठेवी. पोरीचा हात सढळ आहे म्हणून तिला चुलीपाशी फिरकू देत नसे.

आमच्या चुलीपाशी मात्र दोघींचं राज्य. मी माजघरात वर्तमानपत्र धरून बसलेला असे, पण कान तिकडे.

"ही भाकरी आहे का कुठल्या देशाचा नकाशा?"

"जर्मनीचा. दादाला वाढ. त्यानं खाल्ला की लढाई संपेल."

आणि दोघी हसत सुटत. त्यांची खरी खटपट मेतकुटाची होती. मैत्रिणीला आईच्या हातचं मेतकूट आठवत होतं, कृती आठवत नव्हती. ती डाळ भाजायची, वास घ्यायची आणि मान हलवायची.

"धने जास्त पडले का गं?"

"नाही. आईच्याला सुंठीचा वास यायचा, पण सुंठ जिभेला लागायची नाही."

"म्हणजे जात्यात नुसती दाखवायची होती की काय?"

मी पाणी प्यायला आत गेलो की हे सगळं थांबे. एक जण राख चाळायला लागे, दुसरी पदर खोचायला. दोघींच्या तोंडावर एकच साळसूद भाव. माझ्या मनात तेव्हाच आलं, इथे काहीतरी शिजतंय आणि ते चुलीवर नाही.

गुरुवारी आमच्याकडे एक मुलगा वारावर जेवायला येई. गरिबाच्या हुशार मुलानं आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवायचं आणि शाळा शिकायची, अशी पद्धत होती. हा मिरजेच्या पलीकडच्या खेड्यातला, मॅट्रिकला बसायचा होता. खाली मान घालून जेवे, पुन्हा काही मागत नसे. पण गुरुवारी भाताची मूद नीट पडते आणि कोशिंबीर चुकत नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

"रोज का होत नाही गं कोशिंबीर?" मी बहिणीला एकदा विचारलं.

"तू मागतोस म्हणून. तो मागत नाही, म्हणून करावीशी वाटते."

यावर मैत्रीण तोंडाला पदर लावून हसली. तिचं ते हसणं माझ्या डोक्यात बसलं. मी ठरवून टाकलं की कोशिंबीर हिच्याच सांगण्यावरून होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती मला बहिणीचं बघून दादा म्हणायची, आणि मला ते आवडत नसे. का आवडत नसे हे मी कुणाला बोललो नव्हतो. पुढे तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मुलगा म्हणजे सावत्र आईचा भाऊ, बिजवर, पदरात मुलं असलेला. तेव्हा मला वाईट वाटलं, पण मी काही केलं नाही. माझ्याकडे नोकरी नव्हती हे कारण मी स्वतःला देत राहिलो.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमाराला मी परसात गेलो, तर मागच्या दाराशी तो मुलगा उभा. गुरुवार नव्हता. उंबऱ्याच्या आत मैत्रीण. तो सांगत होता, "मिरजेला गाडी बदलायची असते. घाबरू नका, तिथेही मी असेन." मी खोकलो. तो गडबडीनं निघून गेला. ती म्हणाली, "दादा, पाणी देऊ?"

नंतर दोन दिवसांनी दुपारी आत गेलो, तर परातीत दुधात पीठ मळणं चाललेलं. दशम्या. पाण्याऐवजी दुधात मळलेल्या त्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, म्हणून लोक त्या प्रवासाला नेत. घरी बसून खायला उन्हाळ्यात कुणी दशम्या करत नाही.

"कोण चाललंय गावाला?"

"शेजारचे काका, औंधला," बहीण वर न बघता म्हणाली. "त्यांनीच करायला सांगितल्यात." मैत्रिणीचा हात परातीत थांबला होता.

हे काका म्हणजे मैत्रिणीचे वडील. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून मी रोज त्यांना लढाईच्या बातम्या वाचून दाखवायला जाई. त्या दिवशीही गेलो. वाचता वाचता म्हणालो, "काका, उद्या औंधला निघालात वाटतं?"

"कोण म्हणालं?"

आमच्या घरात पुढे सगळे असं धरून चालले की माझ्या तोंडून ते सहज निघून गेलं. तसं नव्हतं. तो प्रश्न मी वाटेतच जुळवला होता. आणि 'कोण म्हणालं' यावर मी गप्प बसू शकलो असतो. मी कागदाची घडी घातली आणि मिरजेचं, मागच्या दाराचं, दशम्यांचं, सगळं सांगितलं. मुलीची अब्रू वाचवतोय असं माझ्या तोंडावर होतं. पोटात होता तो मत्सर.

काकांनी घरी काही दाखवलं नाही. त्यांना तो मुलगा रंगेहाथ हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टांगा आणवला आणि मलाही बसवलं. स्टेशन गावापासून लांब. काका सारखे 'हाक, हाक' म्हणत होते.

"आवं, कशाला घाई?" टांगेवाला म्हणाला. "गाडी कवा येळेवर येती व्हय? घोडं लय दमलंय."

गाडी खरंच आलेली नव्हती. ती बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मी त्या मुलाला शोधू लागलो. तो फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, नळापाशी, तिच्याकडे पाठ करून उभा होता. एखाद्या घरच्या बाईला सोबत म्हणून पाठवलेला माणूस जसा अंतर राखून उभा राहतो, तसा. ते बघितलं आणि मला कळलं की माझं चुकलं आहे. अजून वेळ होता. मी बोललो नाही.

काकांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या. तो म्हणाला, "यांना सांगलीला आईकडे पोचवणार होतो, एवढंच." ती उठून उभी राहिली. "बाबा, मी आईकडे चाललेय. मामा येऊन तुमच्याशी बोलेल लग्नाचं. त्याला नका मारू."

लोक जमले होते. टाकलेल्या बायकोचं नाव चारचौघांत निघालेलं काकांना परवडणारं नव्हतं. ते मोठ्यानं म्हणाले, "हा माझ्या पोरीला पळवून नेत होता. या शेजारच्या मुलानं डोळ्यांनी बघितलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही. मी मान हलवली.

महिन्याच्या आत तिचं लग्न झालं. त्या मुलाचे वार बंद झाले, आमचासुद्धा. सुट्टीनंतर त्याला जेवायला घालणारं एकही घर गावात उरलं नाही, आणि मॅट्रिकला न बसताच तो गाव सोडून गेला. पलटणीत भरती झाला असं कुणीतरी म्हणे.

बहीण माझ्याशी बोलत नव्हती. एकदा वाढताना मीच म्हणालो, "मला आधी सांगायचं होतंस."

"तू रोज काकांच्या ओसरीवर बसायचास. तुला कोण सांगणार?" मग भात वाढून म्हणाली, "तो तिच्यासाठी आला नव्हता, दादा. मी सांगितलं म्हणून आला."

माझ्या पानात कोशिंबीर होती. ती मी पानाच्या कडेला सारली. इतके महिने मी दोघींवर नजर ठेवून होतो, आणि माझ्या बहिणीचं मन मला दिसलं नव्हतं.

मैत्रिणीचं गाठोडं टांग्यात राहिलं होतं, ते बहिणीनं ठेवून घेतलं होतं. दशम्या केव्हाच गाईला घातल्या होत्या. मेतकुटाची बरणी होती. ती माझ्या हातात देऊन बहीण म्हणाली, "सांगलीला जा. तिच्या आईला हे दे आणि खरं काय ते सांगून ये. तू सांगितलंस तरच ती विश्वास ठेवेल."

मी गेलो. कृष्णेच्या घाटाच्या वरच्या बोळात मामाचं घर होतं. आई दिसायला अगदी मुलीसारखी, फक्त वाळलेली. लग्न होऊन गेल्याचं तिला कळलं होतं. तिनं बरणीत बोट बुडवून चव घेतली.

"सुंठ थोडी कमी आहे," ती म्हणाली. "तिनं हातानं केलंय?"

"हो."

ती बरणीचं झाकण फिरवत बसली. "इथवर कानावर आलंय सगळं. कुणा पोराबरोबर निघाली होती म्हणतात. तू शेजारचा, तुला ठाऊक असेल. माझ्याकडे येत होती का रे ती?"

हो म्हणायचं, तर तिनं पुढे विचारलं असतं की मग अडवलं कुणी, वडिलांना कळलं कसं. वाटेत गाडीत मी ही सगळी उत्तरं म्हणून बघितली होती.

मी म्हणालो, "नाही."

त्यानंतर ती मुलीच्या सासरी कधी गेली नाही, निरोपही धाडला नाही. आपल्याला सोडून दुसरीकडेच निघालेल्या मुलीच्या दारात काय म्हणून जायचं, असं ती लोकांना म्हणे. मुलीला वाटे, आईनं विचारलंसुद्धा नाही. दोघींची भेट झाली नाही ती नाहीच. बहिणीला मी सांगितलं होतं की सगळं खरं सांगून आलो, आणि ती बिचारी अखेरपर्यंत त्या आईलाच कठोर म्हणत राहिली.

त्या दिवशी ती आई उठली, चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "लांबून आलायस. भात टाकते, जेवून जा."

मी पाटावर बसलो आणि जेवलो.