लोकसहभागाचा फोटो

आमचे केंद्रप्रमुख मुकुटबनहून शाळा तपासायला येतात आणि आधी रुमालानं खुर्ची झटकतात, मगच बसतात. छप्पर गळतं म्हणा, दुसरा शिक्षक द्या म्हणा, उत्तर ठरलेलं. "गुरुजी, पैसा कायले लागते? लोकसहभाग वाढवा!" या माणसाला एक शब्द सापडला की काम झाल्यासारखंच वाटतं.

मी मात्र ते मनावर घेतलं. पहिलीतल्या कोलामी पोरांना माझं मराठी कळत नव्हतं. पोडावरची, म्हणजे त्यांच्या कोलाम वस्तीतली, एक बाई रोज वर्गात येऊन माझं बोलणं त्यांना कोलामीत सांगू लागली, तेही फुकट. मुकी बसणारी पोरं बोलायला लागली.

परवा साहेब आले, तेव्हा पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसली होती. साहेब खूश. मोबाईल माझ्या हातात देऊन तिला म्हणाले, "मावशी, बाजूले हो जरा, फोटो काढाचा हाये."

ती दारात जाऊन उभी राहिली. तिच्या जागी रुमाल अंथरून साहेब बसले.

संध्याकाळी त्यांनी तो फोटो ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'लोकसहभागातून शिक्षण'. फोटोत साहेब एकटेच हसताहेत. पोरं सगळी दाराकडं बघताहेत.