आखूड गाऊन

आमच्या कॉलेजात सगळे नोकरीधंदा सांभाळून शिकणारे. कुणी ड्रायव्हर, कुणी शिवणकाम करणारी, मी स्वतः दोन मुलांची आई. पदवीच्या दिवशी घालायचे काळे गाऊन मात्र सगळ्यांचे एकाच हाताखालून जायचे, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या काकांच्या. एकवीस वर्षं ते फुकट धुवायचे, इस्त्री करायचे आणि समारंभाच्या दारात उभे राहून एकेकाच्या अंगावर नीट बसवायचे. कुणी चुळबुळ केली की म्हणायचे, "इतकी वर्षं घासलीस ना? आता दोन मिनिटं ताठ उभी राहा."

चाळीस गाऊनांबरोबर ते एक्केचाळिसावा आणायचे. आखूड. शेवटच्या खुंटीला टांगायचे. कुणी विचारलं तर "असू दे", एवढंच.

तो होता दवाखान्यात आयाचं काम करता करता नर्सिंग शिकलेल्या एका मुलीचा. ठेंगणी म्हणून काकांनी खालची दुमड चार बोटं वर घेतली होती. समारंभाला आठ दिवस उरले असताना ती तापाने गेली. मागे रडायलाही कुणी नव्हतं. ती दुमड उसवायला काकांचा हात धजेना. पुढच्या वर्षी त्यांनी तो गाऊन तसाच इतरांबरोबर टांगला आणि परत नेला तेव्हा कोपरांपाशी चुण्या पडलेल्या. कुणीतरी घालून दोन तास बसून राहावं, तशा. चुकून घातला असेल कुणी, असं त्यांनी मनाला समजावलं. पण मग दरवर्षी? बारा वर्षं? काकूंनाही ते काही बोलले नाहीत.

यंदा कॉलेजने त्यांचा सत्कार ठरवला. "मी दारातच बरा," म्हणाले, पण प्राचार्य मॅडम ऐकतात कुठल्या! म्हणून काका पहिल्यांदाच मंचावर, आमच्याकडे तोंड करून बसले. तोवर समारंभात त्यांना दारातून सगळ्यांच्या पाठीच दिसलेल्या.

मी रांगेत शेवटची. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी. मॅडम काकांबद्दल भरभरून बोलत होत्या आणि काका त्या खुर्चीकडे बघत होते. चेहरा पांढराफटक. मी वळून पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. एवढ्यात माझ्या डाव्या बाहीला कापड घासलं. खरखरीत आणि नुकती इस्त्री फिरवल्यासारखं ऊन. मी हात झटकन मांडीवर ओढून घेतला.

चाळीसही नावं झाली. सगळे वर जाऊन आले. मग काकांच्या हाती माईक दिला.

"एक नाव राहिलंय," ते म्हणाले.

"काका, यादी संपली," मॅडम हळूच म्हणाल्या.

"नाही संपली. ती बसलीय अजून."

काकांनी तिचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मॅडमना वाटलं, म्हाताऱ्याला त्या गेलेल्या पोरीची आठवण झाली. बाई मनाने मोठ्या. त्यांनी एक कोरं प्रमाणपत्र उचललं आणि पुढे धरलं.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. मंचाच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. एक, दोन, तीन, चार. काका टाळ्या वाजवायला लागले, एकटेच. मग मीही वाजवल्या. न वाजवायची भीती वाटली.

मॅडमचा हात पुढेच राहिला होता, रिकामा. नंतर टेबलाखालचं, मंचाखालचं सगळं धुंडाळलं, पण कागद सापडला नाही. "मी सोडला नव्हता गं," मॅडम मला म्हणाल्या. "कुणीतरी हळूच ओढून घेतला."

आठवड्याने मी लॉन्ड्रीत गेले. काकांनी तोवर काकूंना सगळं सांगून टाकलं होतं.

"ह्यांना विचार, सत्कारात मॅडम काय काय बोलल्या," काकू म्हणाल्या. "एवढं कौतुक झालं, अन् ह्यांच्या कानात एक अक्षर शिरलं नाही!"

मी काकांना विचारलं, "कशी दिसत होती हो?"

"दमलेली. ड्यूटीवरून थेट आल्यासारखी." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "कागद घेऊन परत जागेवर येऊन बसली. टाळ्या थांबेस्तोवर तुझ्या खांद्यावर हात ठेवून होती. कळलं नाही तुला?"

कळलं होतं. मी घरी सांगितलं नव्हतं, इतकंच.