डुलक्याची मान

बाजारात त्याला सगळे डुलक्या म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्माने मिळवलं होतं. सलून दोघा भावांचं, वडिलांपासूनचं. दोन खुर्च्या आणि समोर भिंतभर आरसा. आता जगाचे केस कापणाऱ्याला स्वतःचे काही कापता येत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, शटर अर्धं ओढून दोघे भाऊ एकमेकांचे केस कापत, दाढी करत. थोरल्याने गळ्याला वस्तरा लावला रे लावला की धाकट्याला झोप लागायची. चक्क घोरायचा. "अरे बाबा, हनुवटी तरी वर धर," असं पुटपुटत दादा एका हाताने त्याचं डोकं सावरायचा आणि दुसऱ्याने काम उरकायचा.

मग निवडणूक आली. दादा छत्रीवाल्यांचा, हा किल्लीवाल्यांचा. तसे ते आधीपासूनच होते, पण तेव्हा ती नुसती चेष्टा होती. या खेपेला मात्र गिऱ्हाइकांनीच वाटणी करून टाकली. किल्लीवाले डुलक्याच्या खुर्चीवर, छत्रीवाले दादाच्या. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी माणसं बाकावर ताटकळत बसत. काय म्हणावं या लोकांना! कोण कुठले ते पुढारी, त्यांनी या सलूनचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, आणि इथे त्यांच्यापायी खुर्च्या बाटल्या.

एके दिवशी मोटार शिकवणारे मास्तर डुलक्याच्या खुर्चीवर बसले होते. पक्के किल्लीवाले. तोंडाला फेस लावलेला असतानाच ते म्हणाले, "या छत्रीवाल्यांचा काही नेम नाही बुवा. त्यांच्या हातात वस्तरा आणि आपला गळा? आपण नाही बसणार."

बाकावरचे हसले. डुलक्याही हसला. गिऱ्हाईक बोललं की हसायचं, ही धंद्याची सवय. नजर वर गेली तर आरशात दादा त्याच्याकडे बघत होता. दादाच्या हातात वस्तरा होता. त्याने तो पुसला आणि आपल्या गिऱ्हाइकाची राहिलेली दाढी पूर्ण केली.

त्या दिवसापासून बोलाचाल बंद. भांडण नाही, आदळआपट नाही. कात्री मागायची तर हात पुढे करायचा, बस. सुट्टीची सकाळ आली आणि गेली. तशीच दुसरी गेली. डुलक्याला वाईट वाटायला हवं होतं. पण दात काढून घेतल्यावर गाल जसा आपला नसल्यासारखा होतो, तसं त्याचं झालं होतं. रोज सकाळी तो सलून उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, त्या डोक्याचं काय जंगल केलंय? सलूनवाल्याचं डोकं असं असेल तर आत कोण येईल? भावजींकडे जा. तुम्ही हसलात, तुम्हीच जा."

"तो हात लावेल का?"

"बसून तर बघा."

पुढच्या सुट्टीला तो गेला. दादा कात्र्यांना तेल घालत होता. त्याचेही केस कानावर आले होते, म्हणजे तोही दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. डुलक्या दादाच्या खुर्चीवर बसला. दादाने हातातली कात्री खाली ठेवली. मग कापड झटकून त्याच्या गळ्याभोवती बांधलं.

केस कापून झाले. फेस लावून झाला. वस्तरा उघडल्याचा आवाज आला तसे डुलक्याने सवयीने डोळे मिटले. झोप काही येईना. मास्तरांचं ते वाक्य कानात घुमलं. पातं गळ्याला टेकलं. मान ताठ झाली. त्याने ती सैल सोडायचा प्रयत्न केला, सोडता येईना.

बोटांखालची कातडी ताठ झाली की गिऱ्हाईक घाबरलंय, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात कळतं. दादाची बोटं थांबली. आरशात दोघांची नजर भिडली. दादाने वस्तरा मिटला, टॉवेलने त्याच्या गळ्यावरचा फेस हलकेच पुसून काढला.

"राहू दे," तो म्हणाला. "मशीन फिरवतो."

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोलला होता. डुलक्याला "दादा, तसं नाही रे," म्हणायचं होतं. पण तसंच तर होतं.

मशीन फिरवून झालं. दादाने कापड सोडलं, झटकलं आणि स्वतः डुलक्याच्या खुर्चीवर जाऊन बसला. डोकं मागे टेकवलं, हनुवटी वर केली.

"मशीन घेऊ?" डुलक्याने विचारलं.

"वस्तराच घे," दादा म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

डुलक्याने फेस लावला, वस्तरा उघडला आणि डाव्या हाताने दादाची हनुवटी धरली. बोटांखाली मान अगदी सैल होती. गालावरून खाली येत तो गळ्यापर्यंत पोचला, तेव्हा दादा घोरत होता.