अस्वलाचं बायंडिंगचं दुकान

आबांच्या हाताखालून आजवर ढिगाने पुस्तकं गेली, पण वाचलं एकही नाही, कारण आबांना वाचताच येत नव्हतं. बायंडिंगच्या कारखान्यात त्यावाचून काही अडलंही नाही. चित्रं आणि खुणा बघून छापील फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, ओळीने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ फासायची. सही तेवढी झोकात ठोकायचे. मालकालाच काय, घरच्यांनाही पत्ता नव्हता.

गोची केली ती नातीने. वाकडी कापली गेलेली पुस्तकं कामगारांना घरी नेता येत. तसं लहान मुलांचं एक पुस्तक आबांनी आणलं. पहिल्याच पानावर अस्वलाचं पिल्लू आणि शेजारी पुस्तकांचा ढीग. नात मांडीत येऊन बसली. "आबा, वाच ना."

आता नाही कसं म्हणणार? आबांनी दिली ठोकून. "एका अस्वलाने जंगलात बायंडिंगचं दुकान काढलं. पहिल्याच दिवशी खळ चिकटली शेपटीला..." पोरगी हसून लोळायला लागली आणि आबा खुशीत आले. फसले ते तिथेच.

कारण पोरांना रोज तीच गोष्ट लागते आणि शब्दन् शब्द तोच लागतो. शेपटीऐवजी पंजा म्हटलं की ही दटावायची, "असं नाहीये!" मग ती शाळेत जायला लागली आणि आता आपलं बिंग फुटणार हे आबांनी ओळखलं. पुस्तक त्यांनी कपाटावर टाकलं, तर तिने स्टूल लावून काढलं. चष्मा हरवला म्हणाले, तर तिने शोधून हातात दिला.

एक दिवस सून म्हणाली, "आबा, हिच्या बाई सांगत होत्या, फळ्यावरचं सगळं वाचते. पण गोष्टीचं पुस्तक दिलं की रडायला लागते. मला वाचता येतच नाही म्हणते. तुम्ही जरा बसा ना तिच्याजवळ."

आबा बसले. नातीने अस्वलाचंच पुस्तक उघडलं आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवलं. "अ... स्वलाच्या... पिल्लाला... वाचता... येत... नव्हतं. म्हणून... ते... लपून... बसायचं."

तिचे डोळे भरून आले. "बघ. दुकान येतच नाही. तू वाचलंस की येतं. माझं चुकतंय ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर आबांची अब्रू वाचली असती. पण पोरीचा इवलासा चेहरा त्यांना बघवेना.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "अस्वलाला येत नव्हतं. मलाही येत नाही, बाळा. दुकान मी मनानेच सांगायचो."

ती रागावेल, हसेल, आईला जाऊन सांगेल, या सगळ्याची आबांनी मनाशी तयारी केली होती. ती मात्र एकेक पान उलटत, ओळींवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"म्हणजे ते दुकान नव्हतंच?" तिने विचारलं. इतकी वर्षं वेळ मारून नेणाऱ्या आबांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडून तिच्यापुढे धरलं. "नव्हतं. आता तू वाच, मी ऐकतो."