कवटीची पाटी आणि आमचा मंदार

मंडळी, आज बोस्नियात मी विधवा होता होता राहिले!

आम्ही दोघं गाडी घेऊन जुन्या युद्धाच्या जागा बघत फिरतोय. डोंगरात नवऱ्याला जोराची लागली. समोर लाल पाटी, वर कवटी.

"मंदार, पाटी बघ!"

"अगं, आपल्या डोंबिवलीत पाटी असते तिथेच तर सगळे उभे राहतात!"

दोन पावलं गेला असेल, तेवढ्यात पलीकडून एक आजोबा ओरडले, "बूम! बूम!" गवतात युद्धातले सुरुंग अजून तसेच होते. मंदार स्वतःच्याच पावलांवर पाय ठेवत उलटा परत आला.

आजोबांनी पँट वर करून आपला लाकडी पाय दाखवला. मग घरी नेऊन आधी बाथरूम दाखवलं, नंतर कॉफी पाजली.

तेव्हापासून मंदार प्रत्येक पाटी थांबून वाचतोय, बेकरीचीसुद्धा. तुमच्याकडच्यांना कोण शिकवणार?