आमची गाडी का पेटली

भांडुपच्या सिग्नलला आमच्या गाडीच्या बॉनेटमधून धूर आला, तेव्हा मला आधी भीती वाटली आणि लगेच आनंद झाला. आनंदाचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण वर्षभर मी बाबांच्या मागे लागले होते, की पंचाहत्तरी उलटली, आता गाडी चालवणं पुरे, किल्ली माझ्याकडे द्या. ते दर वेळी "बघू" म्हणून पेपर उघडायचे. आता काय बघतात ते मीच बघणार होते.

बाबांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, तोवर ज्वाळा दिसायला लागल्या होत्या. मी बाहेर पडून "पाणी, पाणी" असं ओरडत सुटले. "गप गं, तेलाच्या आगीवर पाणी मारतात होय?" म्हणत त्यांनी समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनकडून रेती मागवली. रुमालाने धरून बॉनेट वीतभर उचललं, वॉचमनने दोन घमेली आत रिकामी केली आणि आग विझली. मी मात्र अजून तापलेलीच होते.

"बस्स झालं बाबा. द्या ती किल्ली."

"आधी कारण कळू दे. माझी चूक निघाली तर किल्ली तुझी. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही."

बाबा शब्दाचे पक्के. गाडी टो करून मुलुंडच्या गॅरेजला पोचेपर्यंत मी ती किल्ली मनातल्या मनात पर्समध्ये टाकलीसुद्धा.

गॅरेजवाले आमचे जुनेच, मालवणकडचे. आतली रेती बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "काका, इंजिनात चौपाटी उघडलात काय?" मग ब्रशने रेती झाडत, फडक्याने पुसत, टॉर्च मारत त्यांनी तपास सुरू केला. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेला काळं, चिकट तेल होतं. "हयसून तेल गळता. गास्केट गेला. खाली सायलेन्सरचो पाइप तापलेलो, थेंब पडलो की धूर."

"गळतंय हे हिला पंधरा दिवस सांगतोय," बाबा म्हणाले.

खरं होतं. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून त्यावरचे डाग त्यांनी मला आणून दाखवले होते आणि मी मोबाइलमधून मान वर न करता "एसीचं पाणी असेल" म्हणाले होते. एसीचं पाणी काळं नसतं, एवढं मलाही कळतं.

"पण नुसत्या थेंबांनी एवढी आग लागूची नाय," असं म्हणून गॅरेजवाल्यांनी पक्कड आत घातली आणि त्या पाइपला चिकटलेली एक अर्धवट जळकी पुरचुंडी बाहेर काढली. तेलाने चिंब झालेली. "ह्या पुरचुंडीनच पेट घेतल्यान." त्यांनी ती नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा बदलला. "काका, ही तंबाखू कोणाची?"

पुरचुंडी माझी होती. आमच्या पार्किंगमधले उंदीर गाड्यांच्या वायरी कुरतडत होते. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तंबाखूचा उपाय सांगितला, म्हणून मी पानवाल्याकडून तंबाखू आणून जुन्या साडीच्या तुकड्यांत बांधली आणि बॉनेटमध्ये चार ठिकाणी खोचून ठेवली. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही.

"माझी," बाबा म्हणाले.

ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तो माणूस. वर त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी फक्त गप्प राहायचं होतं. दोन-तीन सेकंद राहिलेही, लाज वाटते सांगायला.

"बाबा, ती मी ठेवली होती. उंदरांसाठी."

"उंदरांसाठी?" बाबांनी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की गॅरेजवालेही वळून बघायला लागले. "म्हणजे तू खात नाहीस?"

मग सगळं बाहेर आलं. पानाच्या टपरीवर मला तंबाखू घेताना त्यांनी पाहिलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. मला विचारायचा धीर होत नव्हता. इतके दिवस मी गुपचूप त्यांचा हात थरथरतो का बघत होते, आणि ते माझ्या दातांवर डाग पडलेत का ते. आता पुरचुंडी निघाल्यावर त्यांना वाटलं, घरात सापडू नये म्हणून मी माल गाडीत लपवते.

"मग तुम्ही किल्ली का देत होता?"

"अगं, चारचौघांत तुझं नाव कसं घेऊ?" एवढं म्हणून त्यांनी किल्ली परत खिशात टाकली आणि गास्केट कधी मिळेल ते विचारायला गॅरेजवाल्यांकडे वळले.

मी तिथल्या टायरवर बसून इतकी हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.