पोटशुळाची चार पानं

वकीलसाहेबांचा माणूस आणखी एक तकरीज घेऊन आला, तेव्हा मी बोरू खाली ठेवला.

तकरीज म्हणजे पुस्तकाची तारीफ. आमच्या निजामी मुलखात उर्दू किताब छापायची तर ओळखीतल्या मोठ्या लोकांनी तिच्याबद्दल चार गोड शब्द लिहून द्यायचे, अशी रीत आहे. मराठी पुस्तक आमच्याकडे क्वचितच येतं. आलं, तेव्हा त्यालाही तीच रीत लागली. पुस्तक घोड्यांच्या आजारांवर होतं. लिहिणारे दगडोबा साळोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, छावणीतल्या घोडेस्वारांच्या रिसाल्यातून म्हातारपणी घरी आलेले. तारीफ लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घोडा टांग्याला जुंपलेलाच पाहिला होता.

मी मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, मुन्शीजींच्या लिथो प्रेसमध्ये मराठी मजकूर लिहिते. लिथोत खिळे जुळवावे लागत नाहीत. खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं पान लिहायचं. तो कागद दगडावर दाबला की अक्षरं उलटी दगडावर उतरतात, आणि दगडावरून छापली की पुन्हा सुलटी होतात. म्हणजे पुस्तकात दिसतं ते माझंच अक्षर. शिकले मी मिशनच्या इंग्रजी शाळेत. तिथे कॉपीबुकात अक्षर घोटून घेत, त्याचा उपयोग असा झाला. मी आतल्या खोलीत बसते. बाहेर प्रेस, मध्ये चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा. मला बोलावं लागत नाही आणि ऐकू सगळं येतं. ही व्यवस्था मला पसंत आहे.

अडचण कागदाची होती. कागद एका जहागीरदारांनी दिला होता. तेवढाच. त्यांची अट एकच होती, पहिलं पान त्यांचं, सगळ्या पदव्यांसकट. ठरलेल्या तावांत जेवढी पानं बसतील तेवढंच पुस्तक. आणि तारीफ वाढत चालली होती.

"दगडोबा, काहीतरी काढावं लागेल," मुन्शीजी बाहेर म्हणाले.

"मग तारीफ काढा की."

"कोणाची? पेशकारसाहेबांची? छापण्याची मंजुरी त्यांच्या मेजावर पडली आहे."

"वकीलसाहेबांची काढा."

"ते पेशकारसाहेबांचे साडू."

"मग ऱ्हायलं कोण?"

"तुम्ही."

मग पानं उलटल्याचा आवाज आला.

"हा पोटशूळ बघा," मुन्शीजी म्हणाले. "चार पानं खातो. दोन ओळींत आटपा. घोड्याचं पोट दुखलं तर औषध द्यावं. झालं."

"न्हाई," दगडोबा म्हणाले.

"का नाही?"

"मुन्शीजी, घोडं लोळाया लागलं की गावोगाव काय करतेत ठावं हाय? सळई तापवतेत आन् पोटाला डाग देतेत. दुखण्यानं न्हाई मरत ते, डागानं मरतंय. रिसाला गेला. आता मला कोन बोलावतंय? आन् बोलावलं तरी या गुडघ्यानं म्या किती गावं फिरू? म्हून लिवलं. ही चार पानं जात असतील तर बाकीचं माझ्या नावानं छापू नगा."

"दोन ओळींत नाही का सांगता येत?"

"दोन ओळींत सांगितलं तर ऐकतेत का? कावून डाग देऊ नये ते सांगाया लागतं. घोडं कसं फिरवायचं, काय पाजायचं, कवा पाजायचं न्हाई. सळई हातात घेतलेल्या मानसाला थांबवायचं म्हणजे काय सोपं काम हाय?"

मुन्शीजी वाईट नव्हते. त्यांना मंजुरी हवी होती आणि म्हाताऱ्याचं मन मोडायचं नव्हतं. दोन्ही एकदम जमत नव्हतं, म्हणून ते चहा मागवत राहिले.

मी वकीलसाहेबांची तकरीज हातात घेतली. मग पोटशुळाचं पहिलं पान नव्यानं लिहायला बसले. मजकूर मधोमध, नेहमीच्या अक्षरात. भोवती समास सोडला, आणि त्या समासात वकीलसाहेबांची तारीफ बारीक, तिरकी, खालून वर चढत जाणारी. फारसी किताबांत मी असं पाहिलं होतं. त्या समासाला हाशिया म्हणतात. मराठीत असं कोणी करतं की नाही, मला माहीत नव्हतं. पान मी चिकाखालून बाहेर सरकवलं.

मुन्शीजींनी ते उचललं. पान गोल फिरवत हाशिया वाचला.

"बेटी," शेवटी पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "वकीलसाहेबांना घोड्याच्या पोटाभोवती फिरवलंस."

"जागा तिथंच होती," मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं तेवढंच बोलणं.

दगडोबा हसले. "शूळ झाला की फिरवायाच लागतं."

वकीलसाहेबांना पटवायला मुन्शीजी स्वतः गेले. त्यांनी सांगितलं, की पानाच्या मधला मजकूर कोणीही लिहितं, हाशियात लिहिण्याचा मान फक्त आलिम, विद्वान लोकांना. वकीलसाहेब खूश झाले. आठवड्याच्या आत पेशकारांचा निरोप आला, आमची तकरीज मधोमध का? तीही हाशियात गेली, आणि मागोमाग मंजुरी आली. जहागीरदार मात्र पहिल्या पानावरच राहिले. त्यांच्या पदव्या कुठल्याच हाशियात मावल्या नसत्या.

पुस्तक छापून झालं. मग ते जिल्दसाजाकडे, म्हणजे पुस्तक बांधणाऱ्याकडे गेलं. हा माणूस आयुष्यभर कचेरीची रजिस्टरं बांधत आलेला. कडा सरळ दिसायला हव्यात, हा त्याचा धर्म. त्यानं तिन्ही बाजूंनी सरळ कातरलं आणि हाशियाची बाहेरची ओळ सगळ्या प्रतींतून गेली. पेशकारांची तारीफ आता अर्ध्या वाक्यात सुरू होत होती. वकीलसाहेबांची अर्ध्या वाक्यात संपत होती.

मुन्शीजी डोकं धरून बसले. दगडोबांनी प्रत घेतली आणि आधी आपली चार पानं पाहिली. ती शाबूत होती. "चांगलं बांधलंय," ते म्हणाले.

पेशकारांना प्रत तर द्यायलाच हवी होती. मुन्शीजी शेरवानी घालून गेले आणि लवकरच परत आले.

"काय म्हणाले?" दगडोबांनी विचारलं.

"नाव शोधलं. सापडलं. अत्तर लावलं मला."

नावं मी जाड अक्षरात लिहिली होती. जाड अक्षराला जागा लागते म्हणून ती आत, मजकुराजवळ घेतली होती. वकीलसाहेबांचंही तसंच झालं. आपण लिहिलेली तारीफ पुन्हा वाचावी, असं कोणालाच वाटलं नाही.

विक्री मात्र होईना. तारीफ लिहिणाऱ्यांनी प्रती फुकट नेल्या. बाकीचा गठ्ठा प्रेसच्या कोपऱ्यात पडून राहिला. दगडोबा दर बाजाराला येत, गठ्ठ्याकडे बघत आणि काही न विचारता जात. ते विचारत असते तर बरं, असं मला पडद्यामागून वाटे.

मग एका बाजाराला धारूरकडचा एक माणूस आला. खिशातून त्यानं घडी घातलेले, मळलेले दोन कागद काढले. आमचेच. पोटशुळाची चार पानं, पुस्तकातून फाडलेली.

"असली आनिक हायेत का?" त्यानं विचारलं. "गावात तीन ठिकानी मागतेत. एकाचं घोडं वाचलं."

"आणि बाकीचं पुस्तक?" मुन्शीजींनी विचारलं.

"ते हाय घरी कुठंतरी. वकीलसाहेबांनी दिल्यालं."

मुन्शीजींच्या तोंडचं पाणी पळालं. कागद देणाऱ्या जहागीरदारांचं पान त्या घरी कुठंतरी होतं. दगडोबा त्याच दिवशी बाजाराला आलेले. त्यांनी कागद हातात घेतले, खूप वेळ पाहिले आणि त्या माणसाला विचारलं, "डाग दिला न्हाई ना?"

"सळई तापली व्हती. पोरानं हे वाचून दाखिवलं. मंग थंड केली."

दगडोबा तिथेच बाकावर बसले. मुन्शीजींनी चहा मागवला.

पुढच्या महिन्यात आम्ही फक्त ती चार पानं साध्या जाडसर कागदावर छापली. हाशिया कोरा. तारीफ कोणाचीच नाही, आणि चार पानांसाठी मंजुरी मागायची वेळ आली नाही. ती मांजरसुंब्यापर्यंत गेली असं ऐकते. जाड पुस्तकाचा गठ्ठा अजून कोपऱ्यात आहे.

आता कोणी पुस्तक छापायला आणलं, की मी चिकाआडून एकच विचारते, यातली कोणती पानं लोक फाडून नेतील? बहुतेकांना राग येतो. ज्याला सांगता येतं, त्याची ती पानं मी सकाळी, हात ताजा असताना लिहिते.